म्हैशीचं नाक आणि अण्णांचा गुडघा

४ सप्टें., गुरुवार
आज परत घासली. होसकोट्याच्या गिऱ्हाइकाकडे डाया, म्हणजे प्रेसचे लोखंडी साचे, उतरवल्या, रिकामे निघालो आणि त्यांच्या गेटच्या उतारावर बंपरची खालची कड सिमेंटला लागली. आवाज असा की वॉचमन खुर्चीतून उठला. शेजारच्या सीटवर अण्णा, माझे थोरले भाऊ. त्यांनी नुसते डोळे मिटले.

ही पिकअप गेल्या वर्षी घेतली तेव्हाच अण्णांनी तिचं नाव 'म्हैस' ठेवलं. आता पीण्या इंडस्ट्रियल एरियात आमच्या वर्कशॉपमध्ये सगळेच म्हणतात. काळी, रुंद, मान खाली घालून उभी. आधीचा मालक कूर्गातला कॉफीवाला, त्याने पुढे काय काय लोखंड लटकवून फिरवली देव जाणे. पुढून बसलीच आहे.

ठरवलं. नाक उचलायचं. अण्णांना अजून सांगितलं नाही.

खरं सांगायचं तर घासणं हे निमित्त. सिग्नलला समोरच्या शोरूमच्या काचेत ती ओणवी दिसते, ते मला बघवत नाही. वय अठ्ठावन्न. हौसेला मोल नसतं.

६ सप्टें., शनिवार
कोरमंगला. जायला दीड तास, पार्किंगला अर्धा. दुकान इतकं स्वच्छ की दवाखान्यात आल्यासारखं वाटलं. काउंटरवर तिशीचा दाढीवाला, नागपूरचा. मराठी ऐकून खुलला. "काका, तुम्ही मराठी? पण तुमचं मराठी जरा वेगळंच आहे." म्हटलं, साडेतीनशे वर्षं इथल्या पाण्यात भिजलंय, रंग उतरणारच.

त्याने सगळं समजावून सांगितलं. लेव्हलिंग किट म्हणजे पुढचा भाग उचलून मागच्याच्या रेषेत आणायचा. एक प्रकार, स्प्रिंगच्या वर जाड चकती बसवायची, तिला स्पेसर म्हणतात. दुसरा, अख्खी स्प्रिंग आणि शॉक-अॅब्सॉर्बर नवीन. "स्पेसरच घ्या काका. सरळ दोन इंच वर. लुकच चेंज होऊन जातो."

चकती हातात घेतली. कडा छान मारलेल्या, बोट फिरवलं तर कुठे अडकलं नाही. तिथेच विकला गेलो. पण तोंडाने म्हटलं, माप घेऊन येतो.

त्याने गाडीत काय नेता हे विचारलं नाही. मीही सांगितलं नाही.

७ सप्टें., रविवार
जेवणानंतर अण्णांना सांगितलं. पाय लांब करून गुडघ्याचे व्यायाम चालले होते. मे महिन्यात उजवा गुडघा नवा बसवला. वय एकाहत्तर. डॉक्टर म्हणाले सहा महिने आराम, हे सहाव्या आठवड्यात म्हैशीत चढले.

चढायची पद्धत त्यांची स्वतःची. डावा हात दारावरच्या दांडीला, उजवा सीटवर, आणि कन्नडमध्ये मोजायचं. ओंदु, येरडु, मूरु. तीनला वर. कोणी हात लावायचा नाही. जुलैत मी एकदा कोपर धरलं तर गोरगुंटेपाळ्याच्या सिग्नलपर्यंत बोलले नाहीत. कॅबने येणार नाहीत, माझ्या बायकोच्या, शैलाच्या छोट्या गाडीत बसणार नाहीत. वर्कशॉपला जायचं तर म्हैशीतून, नाहीतर नाही.

हे सगळं डोक्यात असून मी किटचं बोललो. एका दमात.

अण्णांनी ऐकून घेतलं. म्हणाले, "कर की. वाकडं कशाला ठेवायचं? लेव्हल पाहिजेच."

आणखी काय म्हणणार? सत्तेचाळीस वर्षं लेथपुढे उभा राहिलेला माणूस. लेव्हलला नको म्हणणं त्यांना जमायचं नाही.

शैला मधेच म्हणाली, उद्यापासून पक्ष लागतोय, नवी वस्तू सर्वपित्रीनंतर. ती सांगलीची, या बाबतीत सूट नाही. बरं झालं. माप घ्यायला वेळ मिळाला.

९ सप्टें., मंगळवार
माप घेतलं. वडिलांच्या वेळेपासूनचा नियम: महत्त्वाचं माप तिघांनी वेगवेगळं घ्यायचं, चिठ्ठीवर लिहून घडी घालायची, मग एकदम उघडायच्या. आजचे तिघे: अण्णा, मी आणि रत्नम्मा. आमची इन्स्पेक्शन तीच बघते, सव्वीस वर्षं. तिने नापास केलेला माल अण्णासुद्धा पास करत नाहीत.

म्हैस आत घेतली, मागच्या भिंतीकडे तोंड करून. पारदर्शक नळीत पाणी भरलं, नळीचं एक टोक पुढच्या चाकाशी, एक मागच्या. पाण्याच्या रेषेपासून चेसिस किती खाली, दोन्हीकडे मोजायचं. जो फरक, तेवढं नाक उचलायचं. कामं थांबवून सगळे बघायला उभे.

चिठ्ठ्या, मिलिमीटरमध्ये: ५३. ५३. ५२.५ (माझी. चष्मा बदलायला हवा).

दोन इंच म्हणजे पन्नास पॉइंट आठ. किट जणू आमच्याच मापाने केलेलं! अण्णांनी स्वतः भिंतीवर खडूने '५३' लिहिलं, खाली तारीख. मी नागपूरकराला फोन केला, बाजूला ठेवा म्हटलं, पक्ष संपल्यावर येतो. "पक्ष म्हणजे, काका?" म्हणाला. आईला विचार म्हटलं.

१० सप्टें., बुधवार
सकाळी कॉफी देताना शैला: "अहो, गाडी दोन इंच वर गेली तर अण्णा चढणार कसे?"
मी: "दोन इंच म्हणजे काय. एवढं एवढं."
"लेथवर दोन इंच चुकले तर घर डोक्यावर घेता."
मी कॉफी संपवली.

१२ सप्टें., शुक्रवार
नको ते केलं.

सकाळी लवकर उठून म्हैशीची पुढची चाकं दोन इंची फळ्यांवर चढवून ठेवली. अण्णांनी विचारलंच तर सांगायचं, खाली पाणी साचतं. नुसतं बघायचं होतं, जमतं का.

अण्णा डबा, पेपर घेऊन आले. दांडीला हात. ओंदु, येरडु, मूरु. नाही झालं. पाय खाली. परत पहिल्यापासून. मूरु... नाल्कु... ऐदु... सातापर्यंत गेले. मी स्टीअरिंगवर, समोर बघत. त्यांचा श्वास ऐकू येत होता.

मग हात सोडला, तळवा झटकला. "आज घरीच बसतो. पेपर सगळा वाचायचाय." डबा माझ्या शेजारी सीटवर ठेवला. "हा तूच खा."

फळ्यांवरून गाडी खाली उतरवताना दचका बसला. गोरगुंटेपाळ्याचा सिग्नल नेहमीसारखा लांबलचक, शेजारी रिकामी सीट आणि त्यावर डबा. माझ्यासारखा गाढव मीच. दुपारी डबा उघडला, दोडक्याची भाजी होती, गेली नाही.

रत्नम्माने दोनदा विचारलं, "अण्णा एल्लि?" म्हटलं, पेपर वाचतायत. तिने माझ्याकडे असं बघितलं की मी जणू नापास माल.

१३ सप्टें., शनिवार
आजही आले नाहीत. फळ्या काढल्या होत्या, तरी नाही.

संध्याकाळी सांगून टाकलं, किट रद्द. मला वाटलं बरं वाटेल त्यांना.

भडकले! "माझ्या गुडघ्यासाठी गाडी वाकडी चालवणार? उद्या म्हणशील लेथपण वाकडा राहू दे, अण्णांना सोयीचं पडतं." मग, "फळ्या दोन इंचांच्या होत्या ना? डाव्या चाकाखालची सूतभर जाड होती."

बघितलं होतं त्यांनी. सगळं बघितलं होतं, आणि तरी सातापर्यंत मोजलं.

मी माफी मागितली. अशी सरळ माफी मी त्यांची कधी मागितल्याचं आठवत नाही. ते म्हणाले, "सुम्ने बस." म्हणजे उगी राहा. लहानपणी पडून आलो की असंच म्हणायचे.

शैला वातावरण निवळावं म्हणून म्हणाली, गाडीत एक छोटं स्टूल ठेवू. अण्णा: "स्टूल? मी काय घोड्यावर चढणारा नवरदेव आहे?" ती हसली, मग मीही. अण्णा नाही हसले, पण वरण परत वाढून घेतलं.

१६ सप्टें., मंगळवार
अण्णा आले. कालही आले नव्हते, आज दाराशी उभे. मूरुला वर. मी रेडिओ लावला, उगाच.

जाताना वाटेत जब्बारभाईकडे थांबलो. लॉऱ्यांचे पाटे, म्हणजे स्प्रिंगा, बसवतो, रस्त्याच्या कडेला पत्र्याची शेड, वय आमच्या दोघांच्या मधलं. अण्णाच म्हणाले, रद्द करायचं तर कर, पण जाणत्या माणसाला दाखवून.

जब्बारभाईने म्हैशीला एक चक्कर मारली. खिशातून दोरी काढली, गाठी मारलेली. चाकाच्या मध्यापासून वरच्या मडगार्डपर्यंत धरली, पुढे, मग मागे. झालं माप.
"दो इंच कौन बोला?"
अण्णा म्हणाले, "त्रेपन्न मिलिमीटर. तीन माणसांनी घेतलंय."
"नक्को अण्णा. इंच बी नै होता. स्प्रिंगाँ थक गए, स्वल्प बैठी है, बस." मग मला, "माल क्या डालते?"
सांगितलं, डाया. सहाशे किलो, कधी जास्त.
"हौ! तो पीछा बैठेगा, आगा और उठेगा. दो इंच उठाके माल डाले तो बत्तियाँ आसमान देखते. सामने वाला गाली देता."
हे कोरमंगलाला कोणी विचारलं नव्हतं. आणि मला स्वतःला सुचायला काय झालं होतं, दर गुरुवारी डाया मीच भरतो.

गाडीत अण्णा, यशवंतपूर गेल्यावर: "दोरीने माप घेतो. गाठी मारलेल्या दोरीने." थोड्या वेळाने परत, "तिघांच्या चिठ्ठ्या आहेत." मला वाटतं त्यांना गुडघ्यापेक्षा हे जास्त लागलं.

१७ सप्टें., बुधवार
आजचा दिवस नीट लिहून ठेवायला हवा.

दहाच्या सुमारास रत्नम्माच्या हातून पाण्याची बादली कलंडली. म्हैस आतच उभी, त्याच जागी. पाणी तिच्या शेपटाकडून निघालं, पोटाखालून शांतपणे नाकाकडे आलं आणि मागच्या भिंतीजवळच्या जाळीत गेलं. नेहमीच जातं. रोज फरशी धुतो, रोज तिकडेच जातं.

अण्णा चहाचा कप हातात धरून बघत होते. "बाळू," म्हणाले. एवढंच.

मला अजून कळलं नव्हतं. मग कळलं. रत्नम्माला आमच्या दोघांच्या आधी कळलं असावं, ती तोंडाला पदर लावून उभी होती.

फरशीला ढाळ आहे! आणि तो अण्णांनीच दिलाय. गवंडी नीट देईना म्हणून त्याच्या हातातून दोरी घेऊन, शंभराला एक, पाणी साचू नये म्हणून. त्यानंतर इथली प्रत्येक मशीन आम्ही पायाखाली पॅकिंग घालून लेव्हल केली, केसाएवढी चूक ठेवली नाही. लेव्हल मशीनींत इतकी वर्षं वावरून फरशीही लेव्हल वाटायला लागली. तिघांनी माप घेतलं, तीन चिठ्ठ्या, आणि तिन्ही त्याच उतारावर.

नळी परत आणली. म्हैशीच्या पुढच्या-मागच्या चाकांत अंतर तीन मीटर दहा सेंटिमीटर. तेवढ्यात फरशी उतरते एकतीस मिलिमीटर. त्रेपन्नातून एकतीस गेले, बावीस.

"इंच बी नै होता," मी म्हटलं.

अण्णा हसायला लागले. कप खाली ठेवावा लागला. लेथला धरून हसले, डोळ्यांत पाणी येईपर्यंत, "शंभराला एक, शंभराला एक" म्हणत. गेले चार महिने हा आवाज ऐकला नव्हता. बाकीची माणसं कामं सोडून आली, त्यांना कारण न कळताच तीही हसली.

रत्नम्माने आपली चिठ्ठी शोधून फाडली. भिंतीवरचं '५३' पुसू मात्र अण्णांनी दिलं नाही. त्यावर एक रेघ, खाली '२२', सही, तारीख. ड्रॉइंग बदललं की करतो तसं.

जाताना जब्बारभाईकडे थांबून सांगायचं ठरलं. अण्णा म्हणाले, तू सांग, मी गाडीत बसतो.

१८ सप्टें., गुरुवार
होसकोटे. गेटवर एका बाजूने तिरकी घेतली, घासली नाही. इतके दिवस सुचलं नव्हतं.

वाटेत हिशेब, दोघांनी मिळून. दोन इंची किट बाद. राहिलं काय: एक इंची स्पेसर, नव्या स्प्रिंगा, किंवा आहे तसंच. मी म्हटलं, आहे तसंच. आता निमित्तही उरलं नाही. अण्णा म्हणाले, "त्रेपन्न नसतील, पण बावीस आहेतच ना? बावीस वाकडं म्हणजे वाकडंच."
"तुम्हाला बावीस जमतील?"
 के.आर. पुरम गेलं. मग म्हणाले, "ते बघू."

१९ सप्टें., शुक्रवार
अण्णांनी दिवसभर बसून दोन प्लेटा केल्या. जाडी बावीस. सरफेस ग्राइंडरवर. गाडीच्या चाकाखाली घालायच्या प्लेटा जगात कोण ग्राइंड करतं? रत्नम्माने मायक्रोमीटर लावला, दोन्ही पास.

घरी आणल्या. "उद्यापासून सकाळी या पुढच्या चाकांखाली. चोरून नाही, मला सांगून. जमलं तर स्प्रिंगा घाल. नाही जमलं तर नाही. तू मधे बोलायचं नाही."
"आणि जमेपर्यंत?"
"प्लेटा काढायच्या, जुन्यासारखं चढायचं. वर्कशॉप काय बंद ठेवतोस?"

२० सप्टें.
आठापर्यंत मोजलं. नाही. प्लेटा काढल्या, मूरुला वर.

२२ सप्टें., सोमवार
नाही. फिजिओवाली बाई दुपारी आली होती, अण्णांनी तिला म्हणे प्लेटा दाखवल्या. तिने जिन्याच्या पायरीवरचा एक व्यायाम वाढवून दिला. बावीस मिलिमीटरसाठी आलेला हा पहिला पेशंट म्हणाली.

नागपूरकराचा फोन. "काका, पक्ष संपला ना? आईला विचारलं मी." गुणी माणूस. सगळं खरं खरं सांगितलं, फरशीसकट. फोनवर इतका हसला की रागच येईना. मग गंभीर होऊन म्हणाला, "मी लोड विचारायला पाहिजे होता, सॉरी." पुढच्या वेळी विचार म्हटलं.

२४ सप्टें., बुधवार
सहाला वर! पण पाय सीटच्या कडेला घासला, धडपडत. अण्णा म्हणाले हे धरायचं नाही. चढणं म्हणजे मूरुला. सहाला म्हणजे ओढून नेलेला माल.

२७ सप्टें., शनिवार
परत नाही. वाईट वाटलं. त्यांना नाही वाटलं, किंवा दाखवलं नाही. जिन्यावर वरखाली चाललंय, शैला स्वयंपाकघरातून मोजते, तीही आता कन्नडमध्ये. मला म्हणाली, "अहो, तुम्ही समोर उभे राहता ना, म्हणून होत नाही." उद्यापासून आत थांबायचं.

१ ऑक्टो., बुधवार
आयुध पूजा. मशीनींना हळद-कुंकू, झेंडू, चुरमुऱ्यांची पाकिटं सगळ्यांना. बूदगुंबळ म्हणजे कोहळा मी फोडला, कुंकू शर्टावर उडालं. म्हैशीच्या चाकांखाली लिंबं. दर वर्षी घरातली थोरली व्यक्ती गाडी लिंबांवरून नेते. गिऱ्हाइकं, शेजारचे शेडवाले, सगळे उभे. मी किल्ली अण्णांपुढे धरली. त्यांनी हात मागे घेतला. "सगळ्यांसमोर नको. तूच ने."

नेली. टाळ्या झाल्या. आरशात ते दिसत होते, खुर्चीत बसून चुरमुरे खाताना, आणि शेजारी रत्नम्मा. मला आनंद झाला नाही असं नाही, पण पूर्ण नाही झाला.

४ ऑक्टो., शनिवार
सकाळी मी आतच, खिडकीशी. शैलाही, पडद्यामागे. प्लेटा काल रात्रीच त्यांनी स्वतः लावून घेतल्या होत्या.

अण्णा आले. डबा आधी आत ठेवला. दांडीला हात. थोडा वेळ नुसते उभे. मग ऐकू आलं: ओंदु. येरडु. मूरु.

वर.

न घासता, न ओढता. दार लावलं, पेपर उघडला, जणू रोजचंच. शैलाने माझा दंड इतका घट्ट धरला की बोटं उमटली. मला रडू आलं, का ते लिहायची गरज नाही.

तोंड पुसून बाहेर गेलो, स्टीअरिंगवर बसलो. आवाज साधा ठेवून म्हटलं, "मग जब्बारभाईला सांगू? स्प्रिंगा मागवू दे."

पेपरातून डोकं न काढता म्हणाले, "घाई काय आहे? सोमवारपासून प्लेटा पंचवीसच्या घे."

पंचवीस म्हणजे इंच होत आला. त्याच्या पुढे कुठे थांबणार हा माणूस, काय माहीत. विचारलं तर सुम्ने बस म्हणतील. वर्कशॉपला पोचल्या पोचल्या प्लेट कापायला टाकली.